काचेवरचे एकतीस मैल

लॉर्ना केस्किटालोला बर्फात गाडी चालवता येत नव्हती. हे कुणाला सांगायची तिला लाज वाटायची, कारण मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे तिचं बासष्ट वर्षांचं सगळं आयुष्य गेलं होतं, तिथे नोव्हेंबर ते एप्रिल बर्फाशिवाय दुसरं काही नसतं. शेजारपाजारच्या ऐंशी वर्षांच्या बायकासुद्धा टोपी कानांवर ओढून बिनदिक्कत गाडी काढायच्या. लॉर्ना मात्र पहिला बर्फ पडला की गाडीच्या किल्ल्या दारामागच्या खिळ्याला अडकवायची आणि थेट मेमध्ये काढायची.

त्याला कारण होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी ओढ्यावरच्या पुलावर तिची गाडी घसरली, तीन गिरक्या खाऊन कठडा तोडून थांबली. पुढचं एक चाक अधांतरी, खाली काळं पाणी. लॉर्नाला साधं खरचटलंही नव्हतं. तिच्या नवऱ्याने, रॉयने, येऊन दोर बांधून गाडी मागे ओढली आणि घरी जाताना तोच चालवायला बसला. त्या दिवसापासून हिवाळ्यात स्टिअरिंगचं चाक रॉयच्या हातात गेलं ते गेलंच. दोघांनी त्यावर कधी चर्चा केली नाही. तसं ठरून गेलं.

ऑक्टोबरात रॉय सरपण रचता रचता खाली बसला आणि उठला नाही.

मागे राहिली ती त्याची निळी पिकअप. तेवीस वर्षांची, हाताने गिअर टाकायची, आणि ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. ती शेडमध्ये उभी असायची आणि लॉर्ना तिच्याकडे न बघता सरपण आणायला जायची. रॉयचा पुतण्या डेरिल शनिवारी वाणसामान आणून द्यायचा, म्हणजे आठवण राहिली तर. त्याची गाडी नवी कोरी, चारही चाकांना ताकद असलेली, इतकी उंच की लॉर्नाला आत चढायला पायरी लागायची.

"काकू, ते डबडं कुणाला तरी देऊन टाक," डेरिल दर वेळी म्हणायचा. "मागून कोंबडीसारखं हलकं आहे. बर्फात नुसतं नाचेल. आणि तू तर उन्हाळ्यातसुद्धा वळणावर डोळे मिटतेस."

लॉर्ना हसून त्याला कॉफी द्यायची. 

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रस्त्यापलीकडचा आर्वो पेल्कोनेन काठी टेकत तिच्या दाराशी आला. आर्वो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, एकटा राहणारा. चौतीस वर्षं त्याने सरकारी बर्फ लोटणारी गाडी चालवली होती. अख्ख्या तालुक्यात असा एक रस्ता नव्हता जो त्याने पहाटे एकट्याने मोकळा केला नव्हता. पुढे साखरेच्या आजाराने त्याची मूत्रपिंडं नेली, मग डावा डोळा नेला, उजव्याचं अर्धं नेलं, आणि गेल्या उन्हाळ्यात सरकारने लायसन्स नेलं. एवढ्या वर्षांच्या शेजारात लॉर्नाशी तो जेमतेम पन्नास वाक्यं बोलला असेल. आज तो स्वयंपाकघरात टोपी न काढता उभा राहिला आणि सरळ मुद्द्यावर आला.

"सोमवार, बुधवार, शुक्रवार मला रक्त धुवायला शहरात जावं लागतं. दवाखान्याची व्हॅन बर्फ पडला की येत नाही. आणि इथे बर्फ पडतो."

"आर्वो, मी हिवाळ्यात चालवत नाही. तुम्हाला माहितीय."

"माहितीय. मला चालवता येतं, दिसत नाही. तुला दिसतं, चालवता येत नाही. दोघांचा मिळून एक ड्रायव्हर होतो."

लॉर्नाने विचार करून सांगते असं म्हटलं. तो निघाला नाही. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, कर विचार, मी थांबतो.

त्याच दुपारी शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी गाडी सुरू करायलाच त्याने मनाई केली. आधी लॉर्नाकडून गाडीचं छत झाडून घेतलं. ती म्हणाली, काच पुसली की पुरे नाही का? त्याने तिला समजावलं की छतावरचं गाठोडं पहिल्या ब्रेकला समोरच्या काचेवर उतरतं, आणि मग पुढचा रस्ता देवाने पाहायचा. दिवे पुसायला लावले, मागचेसुद्धा. रॉयचे हिवाळी टायर शेडच्या कोपऱ्यात पडले होते ते चढवले. मग वाळूच्या पाच पिशव्या, साठ-साठ पौंडांच्या, हौद्यात बरोबर मागच्या चाकांच्या वर ठेवून दोराने आवळून बांधायला लावल्या.

"कोंबडीची आता गाय झाली," तो म्हणाला. डेरिलचं बोलणं त्याच्या कानावर कुणी घातलं होतं देव जाणे. "बांधल्या नाहीस तर थांबताना याच पिशव्या तुझ्या मानेवर येतील."

मग आली एक पेटी. तिच्यात फावडं, घोंगडी, मेणबत्त्या आणि त्या आत पेटवून ऊब मिळवायला एक रिकामा डबा, काडेपेटी, सुकं मांस, दोर आणि चाकांवर चढवायच्या लोखंडी चेनची एक जोडी. पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली कधी जाऊ द्यायची नाही. अडकलीस तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, आधी धुराड्याचं तोंड मोकळं करायचं, नाहीतर धूर आत येऊन माणूस झोपेतच जातो. हे सगळं आर्वोने एका दमात सांगितलं आणि तिच्याकडून तीनदा म्हणून घेतलं, शाळेतल्या पाढ्यांसारखं.

दुसऱ्या दिवशी दोघं चर्चच्या मागच्या मोकळ्या मैदानात गेले. तिथे वीतभर दाबलेला बर्फ होता आणि आपटायला काहीच नव्हतं. आर्वो शेजारी बसला, डोळे मिटले आणि म्हणाला, "आता घसरव."

लॉर्नाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मुद्दाम घसरव. वेग घे, चाक वळव, ब्रेक दाब. सत्तावीस वर्षं ज्याला घाबरलीस ते काय आहे ते तरी बघ."

त्याला त्या पुलाची गोष्ट माहीत होती तर. तिने दात आवळले, वेग घेतला आणि ब्रेकवर पाय दिला. गाडीचं बूड फिरलं, पांढरं जग खिडकीतून गरगरत गेलं, आणि गाडी उलट्या तोंडाने थांबली.  आर्वो डोळे न उघडता म्हणाला, "परत." त्या दुपारी ती एकोणीस वेळा घसरली.  बाराव्याला तिच्या लक्षात आलं की ब्रेक सोडला, क्लच दाबला आणि नजर जिथे जायचंय तिथे ठेवली, तर हात आपोआप नजरेमागे जातात आणि गाडी हातांमागे. सोळाव्या वेळी ती हसली.

पुढचे दिवस आर्वोने तिला कान दिले. त्याला दिसत नव्हतं, म्हणून तो रस्ता ऐकायचा. दाबलेल्या बर्फावर टायर करकरतात, नव्या जोड्यासारखे. ओल्या रस्त्यावर सळसळतात. "आणि आवाज बंद झाला," तो म्हणाला, "की समजायचं आपण काचेवर आलो. तेव्हा काही करायचं नाही. ब्रेक नाही, रेस नाही, चाक वळवणं नाही. श्वास घेतेस तेवढा घे." पांढऱ्या बर्फाला ही माणसं बर्फच म्हणायची. जो दिसत नाही, काळ्या डांबरावर पाण्यासारखा बसतो, त्याला आर्वो काच म्हणायचा, आणि काही दिवसांनी लॉर्नाही म्हणायला लागली.

जानेवारीभर ती आठवड्यातून तीनदा त्याला शहरात नेत होती. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलायची म्हणजे चाकं जागच्या जागी फिरत नाहीत. पुढच्या गाडीपासून इतकं अंतर की मोजता मोजता आठ सेकंद व्हावेत. मागचे लोक चिडून हॉर्न वाजवत पुढे जायचे. आर्वो त्यांच्याकडे तोंड करून टोपी उचलायचा. जाताना तो वेलदोड्याच्या पावाचा एक तुकडा खायचा आणि कॉफीऐवजी बर्फाचा खडा चघळायचा, कारण त्याला पाणी मोजून प्यावं लागे. चांगले दिवस होते ते. पण रस्तेही चांगले होते, वाळू टाकलेले आणि मोकळे.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वादळ आलं. मंगळवारी रात्रीपासून घरापलीकडच्या मोठ्या सरोवरावरून असा वारा सुटला की घराला घर दिसेना. बुधवारी सगळे रस्ते बंद झाले, आर्वोचं रक्त धुवायचं राहिलं. गुरुवारी वारा पडला आणि थंडी अचानक ओसरली, आणि त्याहून वाईट झालं. दिवसभर पाऊस पडला, पडेल तिथे गोठत गेला. रात्री परत थंडी उतरली आणि त्या गोठलेल्या पावसावर चार बोटं बर्फ भुरभुरला.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता लॉर्ना पायाला खिळ्यांचे पट्टे बांधून रस्ता ओलांडून गेली तेव्हा आर्वो पलंगाच्या कडेला बसून श्वास घेत होता. नुसता श्वास घेत होता, दुसरं काही नाही. पाय बुटात मावत नव्हते. तिने दवाखान्यात फोन लावला. नर्सने सगळं विचारून घेतलं आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं की आज चुकवून चालणार नाही, दीड वाजेपर्यंत आम्ही त्यांची खुर्ची धरून ठेवतो. रुग्णवाहिका दोनच, त्यातली एक दक्षिणेला अपघातावर गेलेली, दुसरी शहराबाहेरचा चढ चढता येईना म्हणून खालीच अडकलेली.

लॉर्नाने फोन ठेवला. आर्वोने तिच्याकडे पाहिलं, म्हणजे जिथून तिचा आवाज आला होता तिथे पाहिलं.

"नको," तो म्हणाला. "आजच्या दिवसात मीसुद्धा गाडी काढली नसती."

"तुम्ही चौतीस वर्षं अशाच दिवसांत गाडी काढलीत."

"माझी गाडी पंधरा टनांची होती."

"माझ्यात पाच पिशव्या आहेत," लॉर्ना म्हणाली. "बूट राहू द्या, रॉयचे मोठे आणते."

ती हे बोलली खरी, पण शेडमध्ये येऊन स्टिअरिंगमागे बसल्यावर तिला त्या दिवशी पहिल्यांदा तो पूल आठवला. तिने उतरून छत झाडलं. दिवे पुसले. टाकी पाहिली. पिशव्यांचे दोर ओढून पाहिले. हात कामात गुंतले आणि पूल जरा मागे गेला. साडेनऊ वाजता आर्वोला घोंगडीत गुंडाळून ती निघाली.

पहिले आठ मैल तिने दुसऱ्या गिअरमध्येच काढले. वरून बर्फ, खाली काच. ताशी बारा-पंधरा मैलांच्या वर काटा गेला नाही. टायर थोडं करकरत, मग गप्प होत, मग परत करकरत. गप्प झाले की लॉर्ना श्वास घ्यायची आणि काही करायची नाही. आर्वो डोळे मिटून ऐकत होता आणि मधूनच हळू आवाजात सांगत होता, पुढे उतार, पुढे डावीकडे वळण, तिथे झाडांची सावली असते, तिथे काच जास्त. त्याच्या डोक्यात अख्खा रस्ता होता.

ओढ्यावरचा पूल नवव्या मैलाला आला. पुलाला खालून वारा लागतो म्हणून तो आधी गोठतो आणि शेवटी वितळतो, हे आर्वोने शिकवलं होतं. त्याआधी ते तिला पुलानेच शिकवलं होतं. तिने पुलाच्या बऱ्याच आधी वेग कमी केला, चाक सरळ केलं आणि पुलावर आल्यावर कशालाच हात लावला नाही. सत्तर फूट. एकही आवाज नाही. पलीकडे टायर पुन्हा करकरले तेव्हा तिला कळलं की आपण श्वास घ्यायचा विसरलो होतो.

"झाला," आर्वो म्हणाला. बस, एवढंच.

चौदाव्या मैलाला वळणाच्या बाहेरच्या बाजूला, खड्ड्यात नाक खुपसून, शेपूट वर करून डेरिलची नवी गाडी उभी होती. डेरिल तिच्याशेजारी हात बगलेत घालून पाय आपटत होता. लॉर्नाने गाडी पुढे, सपाटीवर नेऊन थांबवली आणि तो घसरत, सावरत आला. काकूला स्टिअरिंगमागे पाहून त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. फोनला रेंज नव्हती, तासाभरापासून तो तिथे होता. चारही चाकांना ताकद होती, तो परत परत सांगत होता, चारही चाकांना, कशी काय गेली कळलंच नाही.

"चार चाकं निघायला मदत करतात," आर्वो म्हणाला. "थांबायला सगळ्यांना सारखीच चाकं असतात. बस आत. आणि दार हळू लाव."

तिघं एका बाकावर कोंबून बसले. धिप्पाड डेरिल मध्ये, गुडघे गिअरच्या दांड्याच्या दोन बाजूंना. एक मैल गेला. मग डेरिल चुळबुळला. "काकू, मी चालवू का आता? तू दमली असशील."

"डेरिल," लॉर्ना रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली, "तू खड्ड्यातून आलायस."

आर्वो हसला. ते हसू खोकल्यात गेलं आणि खोकला बराच वेळ थांबला नाही. त्यानंतर तो रस्ता सांगेनासा झाला. लॉर्नाने एकदा हाक मारली तेव्हा त्याने मान हलवली, पण डोळे आता ऐकण्यासाठी मिटलेले नव्हते. ओठ निळसर दिसत होते. डेरिलनेही ते पाहिलं आणि म्हाताऱ्याला आपल्या खांद्यावर टेकवून धरलं.

लॉर्नाच्या पायाला घाई सुटली. तिला ते जाणवलं, पाय आपसूक खाली जात होता. तिने तो उचलला. घाईत गेलो तर पोचणारच नाही, हे तिने स्वतःलाच मोठ्याने सांगितलं, आणि काटा पंधरावर ठेवून पुढचे पंधरा मैल पार केले.

शहराच्या आधी रस्ता टेकडीवरून दीड मैल खाली उतरतो. वर, उताराच्या तोंडाशी, एक तरुण पोलीस लाल दिवा घेऊन उभा होता. खालच्या वळणावर ओंडके भरलेला ट्रक आडवा झाला होता. ड्रायव्हर सुखरूप होता, पण रस्ता जवळजवळ बंद होता. त्याच्या शेपटाशी आणि कडेच्या बर्फाच्या भिंतीशी एका गाडीपुरती फट उरली होती. कुणीही जायचं नाही, पोलीस म्हणाला. लॉर्नाने काच खाली केली आणि त्याला आत बघायला सांगितलं. त्याने आर्वोकडे पाहिलं, मग खाली शहराकडे पाहिलं. दवाखान्याचं छत इथून दिसत होतं. साडेबारा वाजले होते.

"मॅडम, मला या उतारावर उभं राहता येत नाही," तो म्हणाला. "तुम्ही गाडी कशी नेणार?"

"चेन लावून," लॉर्ना म्हणाली. "वीस मिनिटं द्या."

डेरिलने जन्मात चेन लावली नव्हती. लॉर्ना बर्फात गुडघे टेकून बसली आणि त्याला सांगत गेली, साखळी पूर्ण पसर, पीळ राहू देऊ नकोस, आतला आकडा आधी. तिची बोटं बधिर झाली, एका नखाखाली रक्त आलं. दोन्ही मागची चाकं झाली. गाडी चार हात पुढे घेतली, परत उतरून ढिल्या झालेल्या साखळ्या आवळल्या. पोलीस घड्याळ बघत होता. डेरिल एकदाही "असू दे" म्हणाला नाही.

मग ती पहिल्या गिअरमध्ये उताराला लागली.

पहिला मैल साखळ्यांचा खडखडाट आणि इंजिनाची घरघर. मागची चाकं धरून होती. पण पुढच्या चाकांना चेन नव्हती, आणि शेवटच्या वळणाच्या वरच्या अंगाला तिने चाक डावीकडे वळवलं तेव्हा गाडी वळली नाही. ती सरळ, आपली सावकाश, कुणाची पर्वा नसल्यासारखी, आडव्या ट्रकच्या ओंडक्यांकडे निघाली.

डेरिलच्या तोंडून काहीतरी निघालं. लॉर्नाचं अख्खं अंग ब्रेक मागत होतं. चाक आणखी वळवावं असं दोन्ही हात म्हणत होते. तिने उलट केलं. तिने चाक परत सरळ केलं, ट्रकच्या दिशेने, आणि थांबली. एक. दोन. पुढच्या टायरांनी काचेवर कुठेतरी पकड घेतली, तिला ते बुडाला जाणवलं, आणि मग तिने अगदी थोडं, घड्याळाच्या काट्याएवढं, उजवीकडे वळवलं. डावीकडे नाही. उजवीकडे रस्त्याच्या कडेला भुसभुशीत बर्फ होता, काल कुणी न तुडवलेला. उजवी दोन चाकं त्यात शिरली, गाडीने एक दचका खाल्ला आणि वेग निम्मा झाला. बर्फाची भिंत दाराला घासत गेली. आरसा दुमडला. ओंडक्यांची टोकं लॉर्नाच्या खिडकीजवळून, मग हौद्याजवळून, मग मागे गेली. फट संपली.

पुढे सपाट, वाळू टाकलेला रस्ता होता. एक वाजून बारा मिनिटं झाली होती.

दवाखान्याच्या दारात दोन नर्स खुर्ची घेऊन उभ्या होत्या. आर्वोला त्यांनी आत नेलं आणि लॉर्ना बाहेर गाडीच्या पायरीवर बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं ते हसू. पोटातून आलं आणि थांबेना. डेरिल तिच्यासमोर उभा राहून बघत होता. मग त्याने आपली टोपी काढून तिच्या डोक्यावर घातली, कारण तिची कुठेतरी चेन लावताना पडली होती. प्रतीक्षागृहात पुढचा तासभर तो येईल त्याला पकडून सांगत होता, "ती बघा, ती माझी काकू. ती टेकडी उतरून आली. मी आत होतो, मला विचारा."

चार तासांनी आर्वो बाहेर आला. अशक्त, पण ओठांना रंग आलेला, आणि भुकेला. डेरिल आपली गाडी ओढायची सोय करायला शहरात थांबला. रस्त्यांवर तोवर वाळू पडली होती, ट्रक हलवला होता. दोघं घराकडे निघाले.

"मी झोपलो नव्हतो," आर्वो म्हणाला. "खालच्या वळणावर. आवाज गेला, मग बराच वेळ काही नाही, मग उजवीकडून भुसभुशीत. काय केलंस?"

तिने सांगितलं. चाक सरळ केलं, वाट पाहिली, कडेच्या बर्फात गेले.

आर्वोने दोनदा मान हलवली. "मी ब्रेक मारला असता," तो म्हणाला.

लॉर्नाने त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

टेकडीच्या माथ्यावर बर्फ लोटणारी गाडी समोरून आली. आर्वोच्या हाताखाली शिकलेला माणूस वर बसला होता. पोलिसाकडून त्याला सगळं कळलेलं असावं. त्याने गाडी कडेला घेतली, पुढचं प्रचंड लोखंडी पातं जमिनीवरून वर उचललं, खाली केलं, परत उचललं, आणि लॉर्नाची पिकअप जाईपर्यंत तसंच धरून ठेवलं. आर्वोला ते दिसलं नाही, पण यंत्राचा आवाज त्याला चांगला ओळखीचा होता. त्याने विचारलं, "ही सलामी तुला आहे की मला?"

"मला," लॉर्ना म्हणाली.

वारा पूर्ण पडला होता, आभाळ उघडलं होतं आणि बर्फावर मावळतीचा गुलाबी उजेड होता. ओढ्यावरचा पूल कधी गेला ते तिला कळलं, पण या वेळी फूट मोजायची गरज वाटली नाही. आर्वोचं घर आलं. ती थांबली नाही. तिचं घर आलं. तिथेही थांबली नाही.

"कुठे चाललीस?" आर्वोने विचारलं. "मला भूक लागलीय."

"सरोवरापर्यंत," ती म्हणाली. "रस्ता संपतो तिथपर्यंत. हिवाळ्यात तिथलं पाणी कसं दिसतं, मी सत्तावीस वर्षांत पाहिलं नाही."

आर्वो कुरकुरला, घोंगडी ओढून घेतली आणि मग म्हणाला, पुढे एक मैलावर उजवीकडे वळण आहे, तिथे सावली असते, जपून. लॉर्नाने तिसरा गिअर टाकला. टायर करकरत होते.